भाड्याचं घर, दुसऱ्याच्या नावाचं मीटर: चाव्या घेताना लाईट, गॅस आणि पाण्याचं काय बघायचं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा मजकूर. बोलताना तोंडात येणारे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ तेवढे गाळलेत, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.

घर बघायला जातो तेव्हा आपण काय बघतो? हॉल केवढा, बाल्कनी आहे का, पार्किंग मिळतंय का, ऑफिस किती लांब. फार तर एक नळ सोडून बघतो. आणि सामान लावून झाल्यावर, तिसऱ्या-चौथ्या दिवशी खरी परीक्षा सुरू होते. गीझर लावला की लाईट जाते. शेगडी पेटते पण ज्योत मेणबत्तीएवढी. महिन्याभरानं बिल येतं आणि त्यावर ‘थकबाकी’ नावाच्या रकान्यात मागच्या माणसाचे पैसे.

या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. घर तुम्ही वापरता, पण घरात येणारी प्रत्येक लाईन दुसऱ्याच्या नावावर असते. लाईटचं मीटर मालकाच्या नावावर, गॅस मालकाच्या नावावर, पाणी सोसायटीच्या नावावर. त्यामुळे भांडण झालं तर ‘मी किती वापरलं’ हे सिद्ध करायला तुमच्याकडे फक्त ताबा घेतल्या दिवशी टिपलेले आकडे असतात. तेच कुठले आणि कसे टिपायचे, ते आज बघू. उदाहरणं पुणे-पिंपरीची आहेत, कारण मला इथलंच माहीत आहे. मुंबईत वीज कंपन्या वेगळ्या, पण कायदा तोच.

आधी एक जुनं बिल मागा

टोकन देण्याआधी मालकाकडून किंवा एजंटकडून लाईटचं शेवटचं बिल मागून घ्या. व्हॉट्सॲपवर फोटो चालेल. ‘नंतर देतो’ म्हणाले तरी मागत राहा. महावितरणच्या बिलावर बारा आकडी ग्राहक क्रमांक असतो. तो एकदा हातात आला की कंपनीच्या वेबसाइटवर किंवा ॲपवर बिल स्वतः बघता येतं, कोणाच्या शब्दावर विसंबायची गरज नाही.

बिलावर चार गोष्टी बघायच्या. थकबाकी आहे का. मीटर क्रमांक काय आहे (हा ग्राहक क्रमांकापेक्षा वेगळा, आणि तो पुढे फार कामाला येणार आहे). मंजूर भार किती किलोवॅट आहे. आणि मागच्या महिन्यांचा वापर कसा आहे.

वापराच्या आकड्यात गोम असते. फ्लॅट सहा महिने रिकामा होता म्हणतात आणि बिलात दर महिन्याला तेवढेच युनिट दिसतायत? मग ते बहुतेक सरासरीचं बिल आहे, प्रत्यक्ष रीडिंगचं नाही. पेठांमधल्या जुन्या इमारतींत मीटर अजूनही घराच्या आत असतं. घर बंद, तर रीडिंग घेणारा परत जातो आणि बिलावर ‘लॉक’ असं काहीतरी येतं. मीटर बिघडलेलं असेल तर ‘फॉल्टी’ येतं. मग तुम्ही राहायला जाता, पहिल्यांदा खरं रीडिंग होतं आणि साठलेले सगळे युनिट तुमच्या पहिल्या बिलात येऊन पडतात.

फ्लॅट फारच दिवस बंद असेल तर अजून एक प्रश्न विचारा: ‘कनेक्शन चालू आहे ना?’ बिल न भरल्यानं तात्पुरतं तोडलेलं असेल तर थकबाकी आणि जोडणीचं शुल्क भरून काम होतं. कायमचं तोडलेलं असेल तर नवीन कनेक्शनचा अर्ज करावा लागतो, आणि ते शनिवारी सामान नेलं आणि रविवारी झालं असं होत नाही.

‘आधीच्याची थकबाकी, माझा काय संबंध?’

हा प्रश्न सगळेच विचारतात आणि उत्तर ऐकून वैतागतात. वीज कंपनीच्या दृष्टीनं थकबाकी माणसापुरती नसते, ती जागेलाही चिकटते. महाराष्ट्राच्या २००५ सालच्या वीजपुरवठा संहितेत असं होतं की आधीच्या मालकाची किंवा वापरणाऱ्याची न भरलेली रक्कम जागेवर बोजा म्हणून राहते आणि नव्या मालकाकडे किंवा वापरणाऱ्याकडे येते. वारसांचा अपवाद सोडला तर ती जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या बिलापुरती. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या वीज मंडळाच्या एका प्रकरणात हे तत्त्व मान्य केलं: नियमात तशी तरतूद असेल, तर जागा नव्यानं घेणाऱ्याकडे जुनी थकबाकी मागता येते.

तुम्ही जागा विकत घेत नाही, भाड्यानं घेताय, कनेक्शनही मालकाच्याच नावावर आहे. त्यामुळे कागदोपत्री ते देणं मालकाचं. पण वायरमन कटआउट काढायला येतो तेव्हा अंधार कोणाच्या घरात होतो? तुमच्या. म्हणून ‘संबंध नाही’ म्हणून चालत नाही. थकबाकी शून्य करून घ्या, मगच डिपॉझिट द्या. डिपॉझिट गेल्यावर मालकाला घाई राहत नाही, हा जगाचा नियम आहे.

आलंच अंगावर, तर एवढं लक्षात ठेवा. विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार पुरवठा तोडण्याआधी किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिलाबद्दल वाद असेल तर हरकत नोंदवून, मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यातली जी कमी असेल ती भरली की वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. ‘हरकत नोंदवून’ हे लेखी हवं, खिडकीवरच्या माणसाला तोंडी सांगून उपयोग नाही. तिथं नाही झालं तर ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल. या दोन्ही ठिकाणी वकील लागतोच असं नाही.

मीटर खरंच तुमचं आहे का?

आता माझा आवडता भाग. आवडता, कारण यात दहा मिनिटं जातात, पैसे काही लागत नाहीत आणि तरी कोणीच करत नाही.

माझ्या ऑफिसातला एक मित्र वाकडला राहायला गेला. नवरा-बायको दोघं, दोघंही दिवसभर बाहेर. घरात फ्रिज, दोन पंखे, गीझर, टीव्ही. एसी नाही. पहिलं पूर्ण महिन्याचं बिल आलं ३८० युनिटचं. त्याला वाटलं असेल बाबा, नवीन घर आहे. दुसऱ्या महिन्यात ४१०.

हिशोब करून बघा. फ्रिज दिवसाला साधारण एक युनिट. दोन किलोवॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट. पंखा ७५ वॅटचा, दहा तासांना पाऊण युनिट, असे दोन. दिवे, टीव्ही, मिक्सर, वायफाय मिळून आणखी एखादं. एकूण दिवसाला साडेचारच्या आसपास, महिन्याला १३० ते १५०. मग ४१० कुठून? आणि घरगुती दर टप्प्यांनी चढत जातो: शंभर युनिटपर्यंत एक, मग तीनशेपर्यंत त्याहून जास्त, मग पाचशेपर्यंत आणखी जास्त. त्यामुळे वरचे युनिट नुसते जास्त नसतात, महागही असतात.

शेवटी आम्ही दोघं वॉचमन काकांना घेऊन खाली मीटर रूममध्ये गेलो. त्याच्या फ्लॅटचा नंबर लिहिलेल्या मीटरवर लाल दिवा भराभर लुकलुकत होता. मित्राच्या बायकोला फोन केला, म्हटलं वहिनी, घरातला मेन स्विच बंद करा. त्यांनी केला. दिवा लुकलुकतोच आहे! आणि शेजारच्या फ्लॅटचं मीटर मात्र थंड पडलं. त्या शेजाऱ्यांकडे दोन एसी.

बिल्डिंग बांधताना बिल्डरच्या इलेक्ट्रिशियननं दोन मीटरच्या वायरी उलट्या जोडल्या होत्या. आधीच्या भाडेकरूकडे एसी असल्यामुळे दोन्ही बिलं साधारण सारखी यायची आणि कोणाला कळलंच नाही.

तर ही चाचणी अशी करायची. प्रत्येक डिजिटल मीटरवर एक छोटा लाल दिवा असतो आणि त्याच्या जवळ काहीतरी ३२०० इम्प पर केडब्ल्यूएच असं छापलेलं असतं. अर्थ इतकाच की दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट होतं. तुमच्या मीटरवर हा आकडा वेगळा असू शकतो, तो बघा. घरातला मेन बंद केला की दिवा लुकलुकायचा थांबला पाहिजे. मग मेन चालू करून फक्त गीझर लावा. दोन किलोवॅटला तासाला ६४०० लुकलुक, म्हणजे दहा सेकंदांत अठराच्या आसपास. उलट नुसता नऊ वॅटचा बल्ब लावलात तर दोन मिनिटांत एकदा. गीझर लावल्यावर तुमच्या मीटरचा वेग वाढला, तर मीटर तुमचं. दुसऱ्याच मीटरचा वाढला, तर अदलाबदल. मेन बंद असूनही तुमचं मीटर चालूच राहिलं आणि शेजारच्याचं थांबलं नाही, तर तुमच्या लाईनवर कोणीतरी दुसरं काहीतरी चालवतंय. जिन्यातला दिवा, पाण्याची मोटर, काहीही असू शकतं.

मीटर रूममध्ये फक्त बघायचं. हात कशालाच लावायचा नाही, सील तर अजिबात नाही. सील तुटलेलं दिसलं तर ताबा घेण्याआधी फोटो काढून मालकाला पाठवा, नाहीतर ते कोणी तोडलं हा प्रश्न तुमच्यावर येतो.

अदलाबदल सापडली तर दोन्ही ग्राहक क्रमांक, दोन्ही मीटर क्रमांक लिहून महावितरणच्या उपविभाग कार्यालयात अर्ज द्यायचा, दोन्ही मालकांच्या सह्या घेऊन. मित्राच्या प्रकरणात माणूस येऊन तपासून गेला आणि नोंद दुरुस्त झाली. जुन्या महिन्यांच्या फरकाचं मात्र शेजाऱ्यांशी बसून, एक्सेल शीट करून मिटवावं लागलं. शेजारी भले होते म्हणून मिटलं.

ताब्याच्या दिवशीचा फोटो

मीटर तुमचंच आहे हे कळलं की रीडिंगचा फोटो. इथे एक गंमत होते. मीटरचा डिस्प्ले स्थिर नसतो, आकडे फिरत राहतात: तारीख, वेळ, व्होल्टेज, कमाल मागणी आणि मग युनिट. घाईत लोक भलत्याच आकड्याचा फोटो काढतात. बाजूला केडब्ल्यूएच दिसेल तोच आकडा हवा, आणि त्याच फोटोत मीटर क्रमांक आला पाहिजे. फोटो लगेच मालकाला पाठवा, म्हणजे तारीख आपोआप लागते. सोबत एक ओळ: ‘आज ताबा घेतला, रीडिंग इतकं.’ त्यांनी अंगठा जरी टाकला तरी पुरे.

याचा उपयोग बघा. बिल दर महिन्याच्या १२ तारखेच्या रीडिंगवर येतं आणि तुम्ही एक तारखेला आलात. मागचं रीडिंग ८३४०, तुमच्या फोटोत ८४१२, पुढच्या बिलात ८४७०. एकूण १३० युनिटचं बिल, त्यातले ७२ आधीचे, ५८ तुमचे. त्या प्रमाणात रक्कम वाटा. फोटो नसेल तर १३० तुमचेच.

करारनाम्यात जिथे पंखे-ट्यूबलाईटची यादी जोडतात तिथेच ग्राहक क्रमांक, मीटर क्रमांक, सुरुवातीचं रीडिंग आणि ‘या तारखेपूर्वीची सर्व देणी मालकाची’ अशी एक ओळ घालून घ्या. करार ऑनलाइन नोंदवणारा एजंट म्हणेल ‘फॉरमॅटमध्ये बसत नाही’. बसतं.

आणखी एक बिल आहे ज्यावरून हमखास वाद होतात: सुरक्षा ठेवीचं. वापर वाढला की कंपनी वर्षातून एकदा वाढीव ठेवीचं वेगळं बिल पाठवते. ती ठेव ग्राहकाच्या, म्हणजे मालकाच्या खात्यात जमा राहते, तिच्यावर व्याजही त्यांनाच मिळतं. तुम्ही घर सोडाल तेव्हा ती तुम्हाला मिळणार नाही. त्यामुळे माझ्या मते ती मालकानंच भरायची. तुम्ही भरलीत तर भाड्यातून वळती करा, आणि हे आधीच बोलून ठेवा.

सारखी लाईट जाते तेव्हा

घरातल्या डबीत कुठली खटकी पडते ते बघा. एखादी छोटी एमसीबी पडत असेल तर त्या लाईनवर भार जास्त आहे. दोन किलोवॅटचा गीझर जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो, दीड टनाचा एसी सहा-सात. दोन्ही एकाच सोळा अँपिअरच्या लाईनवर असतील तर काठावरच आहे. वेगळी लाईन ओढणं हे मालकाचं काम. पण टेस्टचं बटण असलेली मोठी खटकी पडत असेल तर ते भाराचं प्रकरण नाही, करंट कुठेतरी गळतोय. बऱ्याचदा जुन्या गीझरची कॉइल असते. इथे कुठलाही ‘जुगाडू’ इलेक्ट्रिशियन ती खटकीच बायपास करून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. ती खटकी तुम्हाला शॉक बसू नये म्हणून आहे. पूर्ण बिल्डिंगचीच लाईट गेली तर तक्रारीसाठी १९१२. आणि पुण्यात असाल तर आधी वार बघा. गुरुवार असेल तर देखभालीची कामं चालू असण्याची शक्यता जास्त.

गॅस

पाइपच्या गॅसला तेच नियम: मालकाकडून ग्राहक क्रमांक, थकबाकी, मीटरच्या रीडिंगचा फोटो. गॅसचं बिल दर महिन्याला येतंच असं नाही, त्यामुळे जुनी थकबाकी उशिरा बाहेर पडते.

पण शेगडीचं कोणी सांगत नाही. सिलिंडरची शेगडी पाइपच्या गॅसला तशीच जोडली तर ज्योत मरतुकडी येते, कारण पाइपच्या गॅसला जेटचं भोक मोठं लागतं. आणि उलटं केलंत, पाइपच्या गॅसची शेगडी सिलिंडरला लावलीत, तर ज्योत भडकते. ते धोक्याचं आहे. जेट बदलून घ्या, ते काम गॅस कंपनीच्या माणसाकडून करून घ्यायचं.

वास आला तर स्विच चालूही करू नका आणि बंदही करू नका. खिडक्या उघडा, व्हॉल्व्ह किंवा रेग्युलेटर बंद करा, बाहेर जाऊन फोन करा; सिलिंडरचा गॅस असेल तर १९०६ ला. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साठतो. पाइपचा हलका, वर छताला जातो. म्हणून पाइपच्या गॅसच्या घरात वरचं जाळीचं भोक थंडीत बोळा घालून बुजवू नका.

नवीन गावात आलात, सिलिंडर कनेक्शन व्हायला वेळ आहे, तर पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. महाग पडतो, पण दोन आठवडे निभावतात.

पाणी

पाण्याबद्दल मालकाला विचारू नका, तो तिथे राहत नाही. वॉचमनला विचारा किंवा लिफ्टमध्ये भेटलेल्या काकूंना. ‘पाणी येतं का’ असं विचारलंत तर उत्तर ‘हो’च येतं. ‘उन्हाळ्यात दिवसाला किती टँकर लागतात?’ असं विचारा. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून महापालिकेचं पाणी दिवसाआड येतं, त्यामुळे तिथे सोसायटीची टाकी केवढी आहे यावर सगळं अवलंबून. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये आहे की वेगळा, हे करारात लिहून घ्या. एप्रिलमध्ये सोसायटी ‘टँकर वर्गणी’ काढते तेव्हा मालक आणि भाडेकरू एकमेकांकडे बघत बसतात.

घर बघायला सकाळी सात-साडेसातला जाता आलं तर उत्तम. सगळे अंघोळ करत असतानाही वरच्या मजल्यावर धार कशी येते ते तेव्हाच कळतं. बऱ्याच सोसायट्यांत स्वयंपाकघराला महापालिकेची लाईन आणि बाथरूमला बोअरची असते. शॉवरच्या भोकांवर, गीझरच्या तोटीवर पांढरा थर दिसला तर पाणी जड आहे. गीझरची कॉइल आणि वॉशिंग मशीन, दोन्हीवर परिणाम होतो.

इंटरनेटचं थोडक्यात: घरून काम करत असाल तर सोसायटीत कुठल्या कंपनीची फायबर फ्लॅटपर्यंत आली आहे ते विचारा. ‘एरियात आहे’ आणि ‘फ्लॅटपर्यंत आहे’ यात कधीकधी तीन आठवड्यांचं अंतर असतं.

मालकानं लाईट तोडली तर?

हा प्रश्न खूप जणांनी पाठवला होता. भाड्यावरून वाजलं आणि मालकानं खालून लाईट किंवा पाणी बंद केलं. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा १९९९, कलम २९: मालकाला भाडेकरूचा आवश्यक पुरवठा तोडता येत नाही. पण आपण बहुतेक जण ‘लिव्ह अँड लायसन्स’वर राहतो, कायद्याच्या भाषेत भाडेकरू नाही, परवानाधारक. त्यामुळे हे कलम आपल्याला सरळ लागू होईल असं धरून चालू नका. म्हणूनच ‘कराराच्या मुदतीत वीज-पाणी खंडित करणार नाही’ ही ओळ करारात हवी.

विजेपुरता मात्र आधार भक्कम आहे. विद्युत कायद्याचं कलम ४३ सांगतं की जागेचा मालक किंवा जागा वापरणारा, कोणीही अर्ज केला तरी कंपनीनं वीज द्यायची. आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात म्हटलं की वीज ही मूलभूत गरज आहे आणि मालक ना-हरकत देत नाही म्हणून भाडेकरूला वीज नाकारता येत नाही. कंपनीनं फक्त एवढंच बघायचं की अर्जदार त्या जागेत राहतोय की नाही. ते दाखवायला नोंदणीकृत करार लागतो. स्टॅम्पपेपरवर नुसता नोटरी केलेला कागद घेऊन या वादात उतरू नका. महाराष्ट्रात असा करार नोंदवणं तसंही बंधनकारक आहे, आणि नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे.

पुढच्या भागात घर सोडतानाची बाजू घेऊ: शेवटचं रीडिंग, रंगाचे पैसे आणि अडकलेलं डिपॉझिट. तोपर्यंत, या महिन्यात शिफ्ट होणारा कोणी मित्र असेल तर त्याला मीटर रूमवाला भाग तेवढा पाठवून द्या. भेटूच!